वेकबोटीला पंखा कुठला घालायचा, गोव्यात मांडवी-झुआरीच्या पाण्यात चालवणाऱ्यांसाठी

चवथ झाली, पाऊस ओसरला की बोटवाल्यांची धावपळ सुरू होते आणि मग दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच, दादा माझ्या वेकबोटीला कुठला प्रोप घालू, नुसता नंबर सांग. प्रोप म्हणजे बोटीचा पंखा, आणि वेकबोट म्हणजे मागे मोठी लाट उठवून फळीवरच्या माणसाला तिच्यावर खेळवणारी बोट. नंबर कुणीही सांगेल हो, पण तो नंबर ज्याच्या बोटीला जमला त्याचं इंजिन वेगळं, गिअर वेगळा, तो बॅलास्ट, म्हणजे बोट जड करायला टाक्यांत भरायचं पाणी, किती भरतो ते वेगळं, आणि तुम्ही मांडवीत आठ माणसं बसवून टाक्या काठोकाठ भरून सर्फिंग करवणार, मग त्याचा पंखा तुमच्या बोटीला कसा चालेल? म्हणून इथे नंबर देत नाही. तुमच्या बोटीचा नंबर तुम्हालाच कसा काढता येईल ते सांगतो, थोडं लांबेल पण नीट वाचा, कारण चुकीचा पंखा नुसतं डिझेल-पेट्रोल खात नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स पण खातो.

आधी एक गोष्ट. हे सगळं इनबोर्ड वेकबोटीबद्दल आहे, म्हणजे जिचा पंखा बोटीच्या पोटाखाली, रडरच्या म्हणजे सुकाणूच्या पुढे असतो. आपल्याकडे आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं मशीन लावलेल्या बोटी जास्त, त्यांच्यामागे लांब दोरीवर वेकबोर्ड ओढता येतं, पण वेकसर्फिंग, म्हणजे बोटीला चिकटून दोरी सोडून लाटेवर चालणं, अजिबात करू नका, कारण सर्फर बोटीच्या मागे दोन-तीन मीटरवर असतो आणि पडला की सरळ पंख्याकडे जाऊ शकतो. पंखा कुठलाही घाला, गार्ड लावा, तरी नको. याच्यावर माझं मत बदलणार नाही.

आता पंख्यावरचे आकडे. हबवर, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागावर बघा, साधारण १४.५ गुणिले १४ असं काहीतरी ठोकलेलं असतं. पहिला आकडा डायमीटर, म्हणजे पाती फिरताना जो गोल होतो त्याची रुंदी इंचात. दुसरा पिच, म्हणजे पंखा एक फेरा फिरला तर हिशोबाने किती इंच पुढे जायला हवा. पाण्यात तेवढा जात नाही, थोडा घसरतो, त्याला स्लिप म्हणतात. तिसरी गोष्ट कप, पात्याच्या मागच्या कडेला दिलेला बारीक वळसा, तो ०.०८० किंवा ०.१०५ असा इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात. हा वळसा डोळ्याला जेमतेम दिसतो, पण बोट वळवताना किंवा दाबून बाहेर काढताना पंख्याने पाणी धरून ठेवायचं काम तोच करतो, त्यामुळे कप वाढला की आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, खाली येतात, जणू पिच थोडा वाढला. मग उजवा की डावा ते बघायचं: बोटीच्या मागे उभं राहून बघितलं आणि पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर उजवा, उलटा फिरला तर डावा. व्ही-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन अगदी मागे असलेल्या वेकबोटींमध्ये डावे पुष्कळ आहेत, आणि उजव्याच्या जागी डावा चालत नाही, ऑर्डर देताना हे एक अक्षर चुकलं तर पार्सल आलं तरी उपयोग शून्य. शेवटी बोअर, म्हणजे शाफ्टचा व्यास, एक इंच असेल, सव्वा इंच असेल असं अंदाजाने नको, कॅलिपरने मापा, आणि शाफ्ट टेपरचा (निमुळता) आहे की स्प्लाइनचा (खाचांचा) तेही बघा.

पिचचं समजायला चोर्ला घाट आठवा. भरलेला ट्रक घाट चढताना ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, इंजिन मोकळं फिरतं आणि गाडी चढते. कमी पिच म्हणजे तो खालचा गिअर. वेकबोटीचं सगळं आयुष्य भरलेल्या ट्रकासारखंच आहे, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तीनशे लिटरच्या तीन बॅलास्ट बॅगा भरल्या की नऊशे किलो झाले, वर माणसं, पेट्रोल, बर्फाचा डबा. तरी लोक पंखा निवडतात तो टॉप स्पीड बघून. वेकबोटीला टॉप स्पीड काय करायचाय? वेकबोर्डिंग होतं ताशी ३० ते ३८ किलोमीटरला, सर्फिंग तर १६ ते १९ लाच. तुम्हाला हवंय ते भरलेली बोट पटकन पाण्यावर, म्हणजे नांगरणं सोडून पाण्यावरून सरकायला, यायला आणि त्या स्पीडला न डगमगता टिकायला.

डायमीटरचं जरा वेगळं आहे. पंखा रुंद असला की तो जास्त पाणी ढकलतो, म्हणून जड बोटीला मोठा डायमीटर आणि कमी पिच हे जोडपं बरं पडतं. पण इंजिनला तो ओढायला जडही जातो, ढोबळ हिशोब असा की डायमीटर एक इंच वाढवला तर दोन-तीन इंच पिच वाढवल्याइतका बोजा येतो. म्हणून डायमीटर वाढवताना पिच कमी करावाच लागतो. आणि जागा आहे का ते आधी बघा, पात्याचं टोक आणि बोटीचं पोट यांच्यात निदान डायमीटरच्या १० ते १५ टक्के मोकळं पाहिजे, नाहीतर प्रत्येक पातं वरून जाताना पोटावर पाण्याचा धक्का बसतो आणि आत बसलेल्याला सतत गुणगुण ऐकू येते. कंपनीने जास्तीत जास्त डायमीटर सांगितलेला असेल तर त्याच्या पुढे जाऊ नका.

गिअर रेशो माहीत नसताना पंखा विचारणं म्हणजे अर्धाच प्रश्न. गिअरबॉक्सवर प्लेट असते तिच्यावर १.२३, १.४६, १.५, २ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. १.५ म्हणजे इंजिन दीड फेरा फिरलं की पंखा एक फेरा. जुन्या बोटी कमी रेशोच्या, पंखा लहान आणि जोरात फिरणारा, नव्या जड बोटींमध्ये २ च्या आसपास रेशो आणि सोळा-सतरा इंची मोठा पंखा हळू फिरवतात, त्याने ओढ चांगली मिळते. म्हणून शेजाऱ्याच्या नव्या बोटीचा पंखा तुमच्या जुन्या बोटीत बघायलासुद्धा घेऊ नका.

आता मुख्य काम, टेस्ट. पण टेस्टच्या आधी बोट रॅम्पवर घ्या आणि खालून नीट बघा. आपल्या खाडीच्या पाण्यात बोट नुसती बांधून ठेवली तरी थोड्याच दिवसांत पोटाला शेवाळ आणि बार्नॅकल (खड्यासारखे चिकटणारे शिंपले) धरतात, पंख्याच्या पात्यावर चार खडे बसले तरी आरपीएम पडतात, आणि मग लोक म्हणतात पंखा चुकीचा आहे. तो चुकीचा नाही, घाण आहे. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पात्याची कड अजिबात घासू नका. मग पंखा हाताने वर-खाली हलवून बघा, शाफ्टला बाहेरून धरणाऱ्या स्ट्रटमधलं कटलेस बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्ट डुलतो, मांडवीचं गढूळ, रेतीचं पाणी हे बेअरिंग लवकर खातं. पात्यांच्या कडांवरून बोट फिरवा, कुठे खाच, कुठे वाकलंय का. जाळ्याचा नायलॉन हबमागे गुंडाळलेला असतो तो पण काढा, नायलॉन दिसत नाही पण असतो.

टेस्ट कधी करायची ते पण महत्त्वाचं. आपल्या नद्यांना भरती-ओहोटीची धार आहे, आणि बोटीवरचा स्पीड बहुतेक वेळा जीपीएसचा, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने. धारेविरुद्ध जीपीएस १८ दाखवतोय आणि धार ३ ची असेल तर पाण्याच्या हिशोबाने बोट २१ ने चाललीय. सर्फिंगची लाट अशाने बिघडते आणि लोक पंख्याला दोष देतात. म्हणून भरती भरून पाणी थांबतं तेव्हा टेस्ट घ्या, आणि तरीही प्रत्येक रन वर एकदा खाली एकदा करून सरासरी काढा. जागा खोल आणि मोकळी पाहिजे. पणजीसमोर कॅसिनोच्या बोटी, फेरी, बार्ज, तिथे फुल थ्रॉटल नकोच. झुआरीत आगशी-कुठ्ठाळीच्या बाजूला पात्र रुंद आहे पण तिथेही कडेला उथळ आहे आणि जाळ्यांचे खुंट असतात, म्हणून स्थानिक तांडेलाला विचारून जा, रविवारी तर नकोच. परवानगी आणि रजिस्ट्रेशनचं कॅप्टन ऑफ पोर्ट्स या सरकारी बंदर खात्याकडे आधीच बघून ठेवा.

बोट जशी रोज वापरणार तशीच भरायची. सर्फिंगला टाक्या भरता ना, मग टेस्टलाही भरा. माणसं नसतील तर तेवढ्या वजनाचे पाण्याचे कॅन ठेवा, पण सगळे एका बाजूला नको. मग इंजिन गरम झाल्यावर सरळ पाण्यात हळूहळू थ्रॉटल पूर्ण उघडा, आरपीएम स्थिर होईपर्यंत थांबा, आकडा बघा, लगेच खाली या. दुसरा माणूस वहीत लिहू दे, तुम्ही पाण्याकडे बघा. किती आरपीएम, किती स्पीड, थांबलेली बोट पाण्यावर यायला किती सेकंद, आणि ज्या स्पीडला तुम्ही रोज ओढता तिथे आरपीएम किती. हे चार आकडे. नंतर टाक्या रिकाम्या करून, दोनच माणसं ठेवून तेच सगळं परत.

आता इंजिनचं पुस्तक काढा. त्यात फुल थ्रॉटलचा आरपीएम एका पट्ट्यात दिलेला असतो, उदाहरणार्थ धरा ५,००० ते ५,४००. तुमची भरलेली बोट ४,५०० वरच अडकली तर पंखा जड आहे, इंजिन दबून चाललंय. हे सगळ्यात वाईट. दबलेलं इंजिन जास्त तापतं, नॉक करतं म्हणजे आत ठोके पडतात, आणि आवाजाने काही कळत नाही कारण ते जोरात ओरडतच नाही. उलट भरलेली बोट लगेच ५,४०० ला लागून लिमिटर (आरपीएम वर जाऊ न देणारी इंजिनची रोख) मारायला लागली तर पंखा हलका आहे. ढोबळ नियम असा की पिच एक इंच कमी केला तर आरपीएम १५० ते २०० वाढतात. ४,५०० चे ५,००० च्या थोडे वर न्यायचे तर तीन इंच पिच कमी करावा लागेल, किंवा दोन इंच पिच आणि थोडा डायमीटर. एवढा फरक असेल तर एक गोष्ट आधी तपासा, इंजिन ताकद देतंय ना? प्लग, फ्युएल फिल्टर, थ्रॉटल केबल पूर्ण उघडतेय का. केबल ढिली म्हणून पंखा बदलला असं व्हायला नको.

स्लिपचा हिशोब पण करून ठेवा, सोपा आहे. इंजिन आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर रेशो, उत्तर येतं ताशी किलोमीटर, पंखा घसरलाच नसता तर. समजा ३,२०० आरपीएम, १४ पिच, १.५ रेशो, तर ४५.५ किलोमीटर. बोट खरी ३५ ने चालली तर स्लिप २३ टक्के. वेकबोर्डिंगला भरलेल्या बोटीत एवढी चालते. सर्फिंगला मात्र ५० टक्क्यांच्या वर दिसेल आणि घाबरू नका, कारण तिथे बोट पाण्यावरून सरकत नाही, शेपूट खोल दाबून नांगरत जाते, लाट त्यातूनच बनते. म्हणून स्लिपची तुलना करायची तर त्याच लोडला, त्याच स्पीडला, त्याच स्वच्छ बोटीत. आज २३ होती आणि दोन महिन्यांनी तीच ३० झाली तर पात्याचा कप गेला किंवा कड वाकली असं समजा.

आता सगळे अडकतात ती जागा. भरलेल्या बोटीला जमेल असा पंखा घातला की रिकामी बोट लिमिटर गाठते, रिकाम्या बोटीला जमेल असा घातला की भरलेली दबते. मग कुठला? माझं स्पष्ट मत, भरलेल्या बोटीला धरून घ्या. भरलेली बोट पट्ट्याच्या खालच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे, आणि रिकामी असताना तुम्ही थ्रॉटल थोडा मागे ठेवा, एवढंच. रिकाम्या बोटीत लिमिटरला टेकवून कोण तासभर चालवतंय? पण भरलेली बोट सीझनभर रोज दबून चालते, तिथे नुकसान आहे. जे भाड्याने चालवतात, रोज वेगवेगळे गिऱ्हाईक, दिवसात शंभर वेळा थांबून परत उचलायचं, त्यांनी तर अजून एक इंच कमीच घ्यावा. घरचे चारजण रविवारी जाणार, बॅलास्ट अर्धाच भरणार, त्यांना मधला पिच पुरतो आणि अग्वादपर्यंत फेरफटका मारला तर पेट्रोलही कमी जातं.

पाती तीन की चार? आता बहुतेक वेकबोटी चार पात्यांवर आहेत आणि ते बरोबरच आहे, थरथर कमी, वळणावर पकड जास्त, हळू स्पीडला बोट स्थिर. तीन पाती थोडा टॉप स्पीड जास्त देतात, तो आपल्याला नकोय. पाच पात्यांचा अजून मऊ चालतो, पण तो पैशाने महाग आणि फरक सगळ्यांनाच जाणवेल असं नाही, बॅलास्ट खूप भरणाऱ्याने विचार करावा.

बाहेरून जुनी बोट आणली असेल तर हे वाचाच. अमेरिकेत ताहो तळं समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ, साध्या इंजिनची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के कमी होते, म्हणून तिकडचे लोक मुद्दाम हलका पंखा घालतात. तीच बोट इथे समुद्रसपाटीला आली की इंजिनला पूर्ण हवा मिळते आणि पंखा हलका पडतो, लिमिटर मारतो. उलट आपल्याकडे मे महिन्याच्या गरम दमट हवेत इंजिन जानेवारीपेक्षा थोडं मंद असतं. म्हणून टेस्टचा महिना पण वहीत लिहा. खारं पाणी गोड्यापेक्षा दोन-तीन टक्के जड, त्याने पंखा बदलायची गरज नाही.

धातूचं सांगतो. चांगले वेक पंखे निब्राल म्हणजे निकेल, ब्राँझ, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणाचे, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापलेले, अ‍ॅक्मे आणि ओजे ही त्यातली माहितीची नावं. चारही पाती एकसारखी असतात, हाच त्यातला खरा फायदा. स्वस्तातल्या मँगनीज ब्राँझमध्ये जस्त भरपूर असतं आणि खाऱ्या पाण्यात ते हळूहळू निघून जातं, पातं गुलाबी-लालसर दिसायला लागलं की समजा आतून पोकळ होतंय. ट्रॉलरचे पंखे बनवणारे आपल्याकडे चांगले कारागीर आहेत पण ट्रॉलरच्या पंख्याचं गणित वेगळं, तिथे हळू आणि जड ओढ, वेकबोटीच्या कपचं बारीक माप तिथे कुणी बघत नाही.

अ‍ॅनोड, म्हणजे पंख्या-शाफ्टच्या आधी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, त्याच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. वेकबोटी बहुतेक गोड्या तळ्यासाठी बनलेल्या, काहींना अ‍ॅनोड नसतोच, किंवा मॅग्नेशियमचा असतो तो खाऱ्या पाण्यात बघता बघता संपतो. आपल्या नद्यांचं पाणी पावसाळ्यात गोडं, एप्रिल-मेमध्ये खारं, मधल्या काळात मचूळ, अशा पाण्याला अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड चालतो, जस्ताचा मचूळ पाण्यात वरून थर धरून झोपतो. अर्धा झिजला की बदला, त्याला रंग लावू नका.

बसवताना घाई नको. इग्निशनची चावी काढून बॅटरी बंद करा. जुना पंखा पुलरने काढा, हातोडी मारली तर तो मार शाफ्टमधून गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. शाफ्टचा टेपर कापडाने पुसून कोरडा करा. मग आधी की (key, शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी चौकोनी पट्टी) न घालता नवा पंखा हाताने दाबून बसवा आणि हबच्या पुढच्या कडेला शाफ्टवर मार्करने रेघ मारा. काढा, की घाला, परत बसवा. हब त्याच रेघेला टेकला पाहिजे. थोडा मागेच राहिला तर पंखा टेपरवर नाही, कीवर चढून बसलाय, तसाच नट आवळला तर वरून सगळं घट्ट दिसतं आणि चालताना थरथर येते, पुढे हब तडकू शकतो. की खालून थोडी घासा, परत बघा. रेघ जुळली की नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा, कॉटर पिन नवीन घाला, जुनी सरळ करून नको. पहिल्या फेरीनंतर परत एकदा तपासा. थरथर राहिली तर कपलिंगची, म्हणजे शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या जोडाची, अलाइनमेंट बघा, दोन फ्लँजमधला फरक फीलर गेजने ०.००३ इंचाच्या आत, आणि हे माप बोट पाण्यात असताना, ट्रेलरवर बोटीचं पोट वेगळं बसतं.

पंखा रेतीला लागला, जाळ्यात अडकला, पावसात वाहून आलेल्या ओंडक्याला आपटला, हे इथे होणारच. पातं वाकलं तर जेटीवर हातोडीने सरळ करून परत लावू नका, बाहेरून सरळ दिसतं पण पिच प्रत्येक पात्याचा वेगळा होतो आणि कप तर गेलेलाच असतो. पिच गेजने प्रत्येक पातं मोजून देणारा कारखाना शोधा आणि मोजलेले आकडे कागदावर मागा. तोवर बोट बंद राहू नये म्हणून एक स्पेअर जवळ ठेवाच, बाहेरून मागवायला वेळ जातो आणि कस्टमचं काही सांगता येत नाही, म्हणून ऑर्डर पावसातच द्या, सीझन सुरू झाल्यावर नाही. स्पेअर त्याच पिचचा घ्यायची गरज नाही, एक इंच कमी पिचचा घेतला तर मोठा ग्रुप असेल त्या दिवशी तोच लावता येतो. त्याच्याबरोबर की, नट, दोन कॉटर पिन, पुलर आणि टॉर्क रेंच एका पेटीत बांधून ठेवा, आणि दोन्ही पंख्यांचे हबवरचे आकडे वहीत त्या चार टेस्ट आकड्यांच्या शेजारी लिहा, बोअर, डावा-उजवा, कप सगळं, म्हणजे पुढच्या वेळी ऑर्डर देताना बोट पाण्यातून काढावी लागणार नाही.